रॅट आणि माइसच्या पोटातली आम्लता: पहिल्यांदाच मोजणार असाल तर

जठराच्या आम्लतेवर काम करायचं म्हटलं की नवखा विद्यार्थी आधी पीएच मीटर शोधायला निघतो. मीटर अगदी शेवटी लागतं. त्यावर उमटणारा आकडा बराचसा आधीच ठरलेला असतो. आदल्या दिवशी खाद्य किती वाजता काढलं, पिंजऱ्यात तूस होतं की जाळी, बाटलीत कुठलं पाणी होतं, गुंगीसाठी काय टोचलं आणि पोट उघडल्यावर इलेक्ट्रोड किती मिनिटांनी आत गेला, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. त्यामुळे ‘रॅटच्या जठराचा पीएच किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर फारसा भरवसा ठेवू नये.

पुढचं सगळं एम.फार्म., एम.एस्सी. किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या, ॲनिमल हाऊसमध्ये पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. क्रम कामाच्या क्रमानेच ठेवला आहे.

पहिली पायरी: नेमकं काय मोजायचं आहे?

पीएच आणि आम्लाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कितीतरी प्रबंधांत त्यांची सरमिसळ झालेली दिसते. पीएच म्हणजे त्या क्षणी त्या जागी हायड्रोजन आयन किती दाट आहेत याचं माप. जठराने एकूण किती आम्ल तयार केलं हे त्यावरून कळत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. पायलोरस, म्हणजे जठराचं आतड्याकडचं तोंड, बांधलेल्या एका रॅटच्या जठरात ३ मिलि रस जमला आणि त्याची आम्लता लिटरला ८० मिलिइक्विव्हॅलंट निघाली. एकूण आम्ल झालं २४० मायक्रोइक्विव्हॅलंट. दुसऱ्या रॅटमध्ये ६ मिलि रस जमला, पण आम्लता ६० निघाली. एकूण आम्ल झालं ३६०. नुसती तीव्रता बघणारा म्हणेल की दुसऱ्यात आम्ल कमी झालं. प्रत्यक्षात ते दीडपट झालं आहे, पातळ रस जास्त आल्यामुळे तीव्रता तेवढी उतरली. म्हणून तुमचं औषध आम्लस्राव कमी करतं असा दावा असेल तर रसाचं आकारमान आणि टायट्रेशन हवंच. औषधाची गोळी कुठे विरघळेल किंवा प्रोबायोटिक जिवंत राहील का, असा प्रश्न असेल तर मात्र त्या त्या भागातला पीएच महत्त्वाचा.

पचनमार्गाचा कुठला भाग, हेही आत्ताच ठरवा. जठरातलं आम्ल परायटल पेशींमधल्या प्रोटॉन पंपातून येतं. हिस्टामिन, ॲसिटाइलकोलिन आणि गॅस्ट्रिन हा पंप चालू करतात, तर सोमॅटोस्टॅटिन आणि प्रोस्टाग्लँडिन त्याला लगाम घालतात. लहान आतड्यात स्वादुपिंडाचं बायकार्बोनेट आणि पित्त यांचं राज्य असतं. सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात जिवाणू तंतूंचं किण्वन करून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट तयार करतात, आणि तिथली आम्लता त्यांच्यावर अवलंबून असते. तीन भाग, तीन वेगळी यंत्रणा. एकावर परिणाम करणारी गोष्ट दुसऱ्यावर करेलच असं नाही.

दुसरी पायरी: प्राणी कोणता?

विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडच आहे हे दाखवलं. त्यांनी ससा, घोडा, वासरू, कुत्रा अशा निरनिराळ्या प्राण्यांचे जठररस तपासले होते. आम्ल सगळ्यांत सापडलं, पण पोटाची रचना आणि स्रावाची सवय प्रत्येकाची निराळी असते.

रॅट आणि माऊस यांच्या जठराचे दोन भाग असतात. वरचा फोरस्टमक पातळ, पांढुरका आणि ग्रंथी नसलेला. खालचा जाड, गुलाबी आणि ग्रंथीयुक्त. दोहोंच्या मध्ये उंचवट्यासारखी एक कडा स्पष्ट दिसते. फोरस्टमकमध्ये अन्न साठून राहतं, तिथे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू सुखाने राहतात आणि पीएच खालच्या भागापेक्षा जास्त असतो. माणसाच्या जठरात असा भाग नाही. त्यामुळे ‘जठराचा पीएच’ एवढंच लिहून भागत नाही, इलेक्ट्रोड कुठल्या भागात टोचला हेही लिहावं लागतं. रॅटला पित्ताशय नसतं, पित्त सतत ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ठिबकत राहतं. माऊसला पित्ताशय असतं. दोघांनाही उलटी करता येत नाही.

मॅकॉनेल, बसित आणि मुर्दन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली मापं या क्षेत्रात बरेचजण वापरतात. खाद्य खाल्लेल्या रॅटच्या जठराचा पीएच ३.२, उपाशी रॅटचा ३.९. माऊसमध्ये खाल्लेल्या अवस्थेत ३.०, उपाशी अवस्थेत ४.०. आतड्यातला सरासरी पीएच रॅटमध्ये ६.६ च्या खाली, माऊसमध्ये तर ५.२ च्याही खाली. माणसापेक्षा दोन्ही आकडे कमीच. जठराची जोडी पुन्हा एकदा वाचा: उपाशीपोटी पीएच वाढला आहे. माणसात उलटं घडतं. उपाशी माणसाच्या जठराचा पीएच साधारण १ ते २ असतो आणि जेवणाने तो तात्पुरता वर चढतो. ‘उपाशी ठेवलं म्हणजे आम्ल वाढणार’ हे माणसावरून घेतलेलं गृहीतक रॅटला लावलं की पहिल्याच दिवशी निकाल उलटे वाटायला लागतात आणि मीटरवर संशय घेतला जातो.

सशाचं पोट कधीच पूर्ण रिकामं होत नाही. प्रौढ सशाच्या जठराचा पीएच साधारण १ ते २ असतो, पण ससा आपल्याच गुदद्वारातून येणाऱ्या मऊ, श्लेष्म्याने गुंडाळलेल्या गोळ्या खातो तेव्हा पीएच वर जातो. त्या गोळ्या जठरात काही तास तशाच राहतात. गिनी पिगच्या जठरात फोरस्टमक नसतो, ते पूर्ण ग्रंथीयुक्त असतं. मात्र गिनी पिग आणि हॅमस्टर यांना पेनिसिलिन किंवा क्लिंडामायसिन देण्याच्या भानगडीत पडू नका. सीकममधले जिवाणू कोलमडतात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल माजतो आणि प्राणी दगावतात. कुत्र्यात उपाशीपोटी आम्लस्राव कमी आणि अनियमित असतो. म्हणून औषधकंपन्यांच्या अभ्यासांत बीगल जातीच्या कुत्र्यांना आधी पेंटागॅस्ट्रिन टोचून जठराचा पीएच खाली आणतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहणाऱ्या जिवाणूच्या अभ्यासासाठी मंगोलियन जर्बिल वापरतात. दीर्घ संसर्गाने त्याच्या जठराच्या ग्रंथी झिजू लागतात.

वयाकडेही लक्ष द्या. नवजात रॅटच्या पिल्लांत आम्लस्राव अगदी कमी असतो. तो दूध सुटण्याच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे जोर धरतो. एका गटात कोवळी आणि दुसऱ्यात प्रौढ जनावरं आली तर तुलनेला अर्थ उरत नाही. ती एकाच वयाची, एकाच जातीची, एकाच ठिकाणाहून आणलेली असावीत.

तिसरी पायरी: परवानगी

प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती, पूर्वीची सीपीसीएसईए, आता सीसीएसईए, हिच्या नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही प्राणी मागवायचा नाही. मंजुरीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरताना फास्टिंग किती तास, गुंगी आणि वेदनाशामक कोणतं, प्राणी किती आणि का, हे नेमकं लिहा. समिती फास्टिंगच्या तासांवर प्रश्न विचारते आणि ते योग्यच आहे. त्याचं उत्तर पाचव्या पायरीत आहे, फॉर्म भरण्याआधी ती वाचा.

चौथी पायरी: खोली, पाणी, बेडिंग, खाद्य

प्राणी आल्यावर किमान आठवडाभर त्यांना काहीही करू नका. प्रवासाचा ताण उतरू द्या. १२ तास उजेड, १२ तास अंधार आणि तापमान २२ अंश सेल्सिअसच्या आसपास. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि एसी बंद पडला तर त्या दिवसाची नोंद ठेवा. ताण आला की रॅटचं जठर मंद रिकामं होतं आणि मोठं आतडं उलट घाईवर येतं, म्हणजे कुठल्या भागात काय सापडेल तेच बदलतं. रोज त्याच माणसाने, त्याच वेळी प्राणी हाताळले की ते सरावतात. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलेला रॅट आणि आठवडाभर रोज हातात घेतलेला रॅट यांत फरक पडतो.

पाण्याकडे कुणी बघतच नाही. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माइसच्या खोल्यांत, स्यूडोमोनास रोखण्यासाठी पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून त्याचा पीएच २.५ ते ३ वर ठेवतात. असं पाणी आठवडेच्या आठवडे पिणाऱ्या माइसच्या आतड्यातल्या जिवाणूंची रचना बदलते. मधुमेह होणाऱ्या एनओडी माइसमध्ये तर रोगाचं प्रमाणही यामुळे बदललेलं दिसलं आहे. उलट मराठवाडा-विदर्भाकडच्या बोअरवेलचं जड पाणी किंचित अल्कधर्मी असू शकतं. आरओ, नळाचं, ऑटोक्लेव्ह केलेलं की आम्लयुक्त, कुठलंही चालेल. सगळ्या गटांना एकच द्या आणि वहीत त्याचा पीएच लिहा. बाटलीतलं पाणी तपासायला दोन मिनिटं लागतात.

बेडिंग आपल्याकडे भाताचं तूस किंवा मक्याच्या बुरकुंडाचा चुरा, म्हणजेच कॉर्न कॉब. दोन्ही रॅट खातो, भूक लागली की जास्तच खातो. उपाशी रॅटचं जठर उघडल्यावर आत तुसाचा बोळा सापडणं ॲनिमल हाऊसमधल्या ॲटेंडंटला अजिबात नवीन नसतं.

खाद्याचा परिणाम दोन टोकांना दिसतो. जठरात खाद्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट आम्ल शोषून घेतात. सीकममध्ये खाद्यातल्या तंतूंची जात महत्त्वाची ठरते. कंपनीच्या नेहमीच्या पेलेटमध्ये धान्य, कोंडा, पेंड यांमुळे किण्वन होणारे तंतू असतात. एआयएन-९३जी सारख्या शुद्ध घटकांच्या खाद्यात तंतू म्हणून ५ टक्के सेल्युलोज असतो आणि तो फारसा किण्वत नाही. त्यामुळे एका गटाला नेहमीचं पेलेट आणि दुसऱ्याला शुद्ध घटकांचं जास्त-चरबीचं खाद्य देऊन सीकमच्या पीएचमधला फरक चरबीच्या नावावर खपवणं चुकीचं आहे. फरक तंतूंचाही असू शकतो. तुलना एकाच कुळातल्या दोन खाद्यांची हवी. खाद्यात इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड घातलं तर सीकमचा पीएच ठळकपणे उतरतो आणि सीकम आकाराने फुगतो. प्रथिनं जास्त आणि तंतू कमी असले की अमोनिया तयार होतो आणि पीएच वर सरकतो. प्रतिजैविकं दिली तर किण्वन थांबतं, पीएच वाढतो आणि सीकम पुन्हा फुगलेलाच दिसतो. म्हणजे नुसत्या फुगलेल्या सीकमवरून आत काय चाललं आहे ते कळत नाही.

एका पिंजऱ्यातली सगळी माइस एकमेकांची विष्ठा खातात, म्हणून त्यांच्या आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात. एका पिंजऱ्यात फक्त उपचार गट आणि दुसऱ्यात फक्त कंट्रोल ठेवलात तर दिसलेला फरक औषधाचा की पिंजऱ्याचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. प्रत्येक गट निदान तीन-चार पिंजऱ्यांत विभागा.

पाचवी पायरी: उपाशी ठेवणं

या कामातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक पायरी हीच आहे असं माझं मत आहे. ‘प्राण्यांना रात्रभर उपाशी ठेवलं’ हे एक वाक्य प्रबंधात लिहून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. त्या वाक्यात काय काय दडलं आहे ते पाहू.

रॅट आणि माऊस निशाचर आहेत. दिवसाच्या खाद्यातला बहुतांश भाग ते अंधार पडल्यावर खातात, दिवसा अधूनमधून थोडं कुरतडतात. संध्याकाळी ६ ला खाद्य काढलंत आणि सकाळी १० ला प्रयोग केलात, तर कागदावर १६ तासांचं फास्टिंग झालं. पण त्या रॅटने शेवटचं पोटभर जेवण आदल्या दिवशी पहाटे केलेलं असतं. मधल्या दिवसात त्याने जुजबी खाल्लं आणि मग त्याच्या जेवणाच्या मुख्य वेळेलाच टोपली रिकामी झाली. म्हणजे खरं फास्टिंग १६ तासांपेक्षा बरंच लांबलं. माऊससाठी हे फारच कठोर आहे; एका रात्रीत त्याचं दहाव्या हिश्शाच्या आसपास वजन उतरू शकतं, शरीराचं तापमान खाली येतं, आणि मग मोजलेला पीएच उपासमारीचा होतो.

जठर रिकामं असणं एवढीच गरज असेल तर दुसरा रस्ता आहे. सकाळी उजेड होताच खाद्य काढा आणि दुपारी प्रयोग करा. रात्रीचं पूर्ण जेवण झालेलं असतं आणि तेव्हापासून सगळ्यांचं घड्याळ एकाच वेळी सुरू होतं. माऊसला ४ ते ६ तास पुरतात. रॅटला ६ ते ८ तास. पायलोरस बांधण्याच्या शे पद्धतीत, जी १९४५ पासून चालत आली आहे, जुन्या लेखांत २४ ते ४८ तास फास्टिंग दिसतं. ते आंधळेपणाने उचलू नका. कमीत कमी किती तासांत जठर खरोखर रिकामं होतं हे दोन-तीन प्राण्यांवर आधी बघायची परवानगी फॉर्म बीमध्येच मागा, आणि मंजुरीनंतर निघालेला तोच आकडा वापरा. पाणी कधीही काढायचं नाही. फार तर प्रयोगाच्या शेवटच्या तासाभरात, तेही कारण असेल तर.

फास्टिंग सुरू करताना पिंजरा बदला. जुन्या बेडिंगमध्ये पेलेटचा चुरा असतो आणि रॅट खाद्य लपवूनही ठेवतो. खाली तारेची जाळी लावा, म्हणजे तूस खाल्लं जाणार नाही आणि पडलेली विष्ठा खाली जाईल. यानेही विष्ठा खाणं पूर्ण थांबत नाही, कारण रॅट ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन घेतो. ते पूर्ण रोखायचं तर गळ्यात कॉलर किंवा शेपटीला टोपी बसवावी लागते, आणि त्याने ताण इतका वाढतो की फायदा-तोट्याचा हिशेब अवघड होतो. माझ्या मते बहुतेक प्रयोगांना जाळी पुरते. मात्र ती फास्टिंगपुरतीच ठेवा. जास्त दिवस जाळीवर राहिलेल्या रॅटच्या पंजांना जखमा होतात.

उपाशी जठराचा पीएच वाढलेला का दिसतो, याचं उत्तरही इथेच आहे. अन्नाची चेतना नाही म्हणून स्राव कमी, आतलं द्रव थोडं, आणि त्या थोड्या द्रवात लाळ, विष्ठा, ग्रहणीतून उलट आलेलं पित्त यांतलं काहीही मिसळलं तरी पीएच झटकन हलतो. म्हणून उपाशी गटात आकड्यांचा विखुरलेपणा खाल्लेल्या गटापेक्षा मोठा निघू शकतो. प्राण्यांची संख्या ठरवताना हे धरून चला.

आणखी एक गोष्ट. २४ प्राणी असतील तर पहिला ९ ला आणि शेवटचा २ ला हातात येतो. खाद्य सगळ्यांचं एकदम काढलं असेल तर शेवटच्याचं फास्टिंग पाच तासांनी जास्त. आधी सगळा कंट्रोल गट आणि मग सगळा उपचार गट असा क्रम लावलात तर हा फरक औषधाच्या खात्यात जमा होतो. क्रम चिठ्ठ्या टाकून मिसळा, किंवा खाद्यही त्याच अंतराने टप्प्याटप्प्याने काढा. दोन्ही केलंत तर उत्तम.

सहावी पायरी: औषध, माध्यम आणि गुंगी

तोंडातून सुईने औषध देताना किलोला १० मिलि हे नेहमीचं माप. २०० ग्रॅमच्या रॅटला ते २ मिलि होतं. वर उल्लेखलेल्या २००८ च्या मोजणीत उपाशी रॅटच्या संपूर्ण पचनमार्गात मिळून सरासरी ३.२ मिलि पाणी होतं. माऊसमध्ये ०.८ मिलि. म्हणजे तुमचा एक डोस आतल्या सगळ्या द्रवाच्या निम्म्याहून जास्त भरतो. डोसनंतर लगेच जठराचा पीएच मोजलात तर तो मुख्यतः तुमच्या माध्यमाचाच असेल. औषधाच्या द्रावणाचा पीएच आधी मोजा, आणि कंट्रोलला त्याच पीएचचं, तेवढंच माध्यम द्या.

ओमेप्राझोलचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. ते आम्लात विघटित होतं, म्हणून प्राण्यांना बऱ्याचदा सोडियम बायकार्बोनेटमध्ये देतात. बायकार्बोनेट स्वतःच आम्ल मारतं. कंट्रोल गटाला नुसतं पाणी किंवा सीएमसीचं (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) द्रावण दिलंत तर सुरुवातीचा परिणाम कोणाचा हे कळणार नाही. ओमेप्राझोल पंपाला कायमचं चिकटतं, त्यामुळे रक्तातून ते निघून गेल्यावरही परिणाम बराच काळ टिकतो; हिस्टामिनचा मार्ग अडवणाऱ्या एच-टू रोधकांचं तसं नाही. तुलनेसाठी दोन्ही वापरणार असाल तर मोजणीची वेळ दोघांना न्याय देणारी निवडा.

वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांनी विशेष जपावं. कित्येक अर्क मुळातच आम्लधर्मी असतात, टॅनिन भरपूर असतं, आणि राख जास्त असलेली काही आयुर्वेदिक चूर्णं सरळ अँटासिडसारखी वागतात. बीकरमध्ये ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन त्यात अर्काचा डोस टाका आणि पीएच किती हलतो ते बघा. इथेच हलला तर तुमचा अर्क आम्ल ‘कमी स्रवू देतो’ की ‘विझवतो’ हा प्रश्न प्राण्याला हात लावण्याआधीच समोर येईल.

गुंगीच्या औषधांपैकी एकही तटस्थ नाही. झायलाझिन हे अल्फा-टू जातीचं औषध आतड्यांची हालचाल मंदावतं, आणि या जातीची औषधं रॅटमध्ये आम्लस्रावही घटवतात. लाळ आवरायला ॲट्रोपिन दिलंत तर ॲसिटाइलकोलिनचा मार्गच बंद झाला. ओपिऑइड वेदनाशामकांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. इंडोमेथॅसिनसारख्या औषधांनी प्रोस्टाग्लँडिन घटतं आणि जठराचं अस्तर उघडं पडतं. युरेथेन रॅटमध्ये सोमॅटोस्टॅटिन वाढवून आम्लस्राव दाबतं. घोष आणि शिल्ड यांनी १९५८ मध्ये गुंगीतल्या रॅटच्या जठरातून सतत पातळ सोडियम हायड्रॉक्साइड वाहवून आम्लाची सलग नोंद घेण्याची पद्धत बसवली. तिच्यात पायाभूत स्राव कमी असणं सोयीचं ठरतं, कारण हिस्टामिन किंवा गॅस्ट्रिनने आलेली उसळी स्वच्छ दिसते. पण तुमचा प्रश्नच पायाभूत स्रावाचा असेल तर युरेथेन चालणार नाही. शिवाय ते कर्करोगजनक आहे. हातमोजे घाला आणि ज्या प्राण्याला जागं करायचं नाही त्याच्यासाठीच वापरा.

याचा अर्थ वेदनाशामक टाळायचं असा कुणी लावू नये. पायलोरस बांधलेला रॅट जागा झाल्यावर वेदनेत असतो, आणि वेदना म्हणजेही ताण. औषध सगळ्या गटांना सारखं द्या आणि लिहा. फक्त सॅक्रिफाइस करून, म्हणजे प्राणी मारून, पीएच मोजायचा असेल तर आयसोफ्लुरेनची थोडक्या वेळाची गुंगी मला सगळ्यांत कमी त्रासाची वाटते.

सातवी पायरी: मीटर

नेहमीचा जाड काचेचा इलेक्ट्रोड माऊसच्या आतड्यात जात नाही. सुईच्या टोकाचा मायक्रोइलेक्ट्रोड लागतो. तो महाग आणि नाजूक असतो. विभागात नसेल तर शेजारच्या विभागात विचारा. पीएच पट्ट्यांवर विसंबू नका. पट्टीचा रंग अर्ध्या किंवा एका एककाने बदलतो, आणि पित्ताने किंवा खाद्याच्या रंगाने ती आधीच पिवळी-तपकिरी होते.

कॅलिब्रेशन तुमच्या अपेक्षित आकड्यांच्या दोन्ही बाजूंनी हवं. जठरासाठी १.६८ आणि ४.०१ चे बफर, आतड्यासाठी ४.०१ आणि ६.८६ किंवा ७. नुसत्या ४ आणि ७ वर कॅलिब्रेट करून १.५ वाचणं म्हणजे मीटरने अंदाज बांधणं. बफर आणि नमुना यांचं तापमान जवळपास सारखं असू द्या. बफरची बाटली फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका. एकदा ओतलेला बफर परत बाटलीत टाकायचा नाही.

आठवी पायरी: मोजणीचा दिवस

प्राणी मेल्यावर घड्याळ सुरू करा. आतड्यात दोन गोष्टी विरुद्ध दिशांना घडायला लागतात. बायकार्बोनेट असलेल्या भागातून कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो आणि पीएच चढतो. सीकममध्ये जिवाणू काम करतच राहतात आणि पीएच उतरतो. म्हणून आधी ठरवलेल्या वेळेतच, प्रत्येक प्राण्यात तेवढ्याच मिनिटांत आणि त्याच क्रमाने मोजा. एक माणूस कापतो, एक मोजतो, एक लिहितो. दोघांत हे काम धडपडत होतं, एकट्याने करूच नका. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

पोट उघडताच अन्ननलिकेच्या टोकाला, पायलोरसला, लहान आतड्याच्या शेवटी आणि सीकमच्या पुढे धाग्याने गाठी मारा, म्हणजे आतलं इकडचं तिकडे सरकत नाही. मग जठराला बारीक छेद देऊन फोरस्टमक आणि ग्रंथीयुक्त भाग असे दोन आकडे घ्या. पुढे लहान आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर, मग सीकम, मग मोठं आतडं. इलेक्ट्रोड आतल्या द्रवात टेकला पाहिजे. तो भिंतीच्या श्लेष्म्यात रुतला तर वेगळाच आकडा येतो, कारण जठराच्या श्लेष्म्यात आम्लापासून अस्तरापर्यंत पीएचचा उतार असतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. दोन मोजण्यांमध्ये डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टिश्यूने टिपा, पुसू नका.

आतलं फार घट्ट असलं की पाणी घालून पातळ करायचा मोह होतो. पीएच २ असलेल्या बफर नसलेल्या द्रवात दहापट पाणी झालं तर तो ३ होतो. खाद्य मिसळलेल्या द्रवात किती हलेल हे सांगता येत नाही, कारण खाद्य बफरचं काम करतं. टाळता आलं तर टाळा. नाहीच जमलं तर सगळ्यांना सारखंच पातळ करा आणि प्रमाण लिहा. हिस्टॉलॉजीसाठी सलाइनने धुणं पीएचनंतर. शॉर्ट चेन फॅटी ॲसिडसाठी नमुना हवा असेल तर तो लगेच गोठवा, पण गोठवून वितळवलेल्या नमुन्यात पीएच मोजू नका.

पायलोरस पद्धतीत रस सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भाग घ्या, आकारमान लिहा, आणि ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. टॉपफर रिएजंटने लाल रंग जाऊन पिवळा-नारिंगी होईपर्यंत मुक्त आम्ल, आणि पुढे फेनॉल्फ्थॅलीनने गुलाबी होईपर्यंत एकूण आम्ल. १ मिलि रसाला ८ मिलि अल्कली लागलं तर लिटरला ८० मिलिइक्विव्हॅलंट. रसात रक्त किंवा खाद्याचे कण दिसले तर तो नमुना बाद करण्याचा नियम आधीच लिहून ठेवा. निकाल बघून ठरवायचा नाही.

नववी पायरी: वही आणि गणित

पीएच लॉगरिदमिक आहे हे सगळ्यांना पाठ असतं आणि सरासरी काढताना सगळे विसरतात. एका रॅटचा पीएच २ आणि दुसऱ्याचा ४ असेल तर आकड्यांची सरासरी ३. पण हायड्रोजन आयनांची सरासरी काढून परत पीएच केला तर येतो साधारण २.३. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती वापरली हे सांगा. विखुरलेपणा मोठा असेल तर मध्यक द्या आणि प्रत्येक प्राण्याचा बिंदू आलेखावर दिसू द्या.

वहीत प्रत्येक प्राण्यासमोर हे हवं: जात, लिंग, वय, फास्टिंगच्या आधीचं आणि नंतरचं वजन, पिंजरा क्रमांक, खाद्याचं नाव आणि बॅच, पाण्याचा प्रकार, बेडिंग, खाद्य काढल्याची वेळ, डोसची वेळ आणि माध्यम, गुंगी, सॅक्रिफाइसची वेळ, प्रत्येक भाग मोजल्याची वेळ, आणि जठरात काय दिसलं. हा शेवटचा रकाना मुद्दाम ठेवा. ‘तूस’, ‘खाद्य’, ‘पित्ताचा पिवळा रंग’, ‘रिकामं’ असा एकेक शब्द पुरतो, आणि सहा महिन्यांनी एखादा आकडा विचित्र वाटला की आधी तिथेच बघावं लागतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या २०२० च्या अराइव्ह मार्गदर्शक सूचनांमध्ये मागितलेली बरीचशी माहिती यात आपोआप येते, शोधनिबंध लिहिताना वेगळी धावपळ होत नाही.

शेवटच्या प्राण्यानंतर मीटर पुन्हा बफरमध्ये घाला. सकाळच्या कॅलिब्रेशनपासून ०.१ पेक्षा जास्त सरकलं असेल तर त्या दिवसाच्या आकड्यांसमोर खूण करा आणि पुढच्या वेळी दर पाच-सहा प्राण्यांनंतर तपासा. बहुतेकदा कारण टोकावर बसलेला प्रथिनांचा थर असतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये १ टक्का पेप्सिन घालून इलेक्ट्रोड त्यात बुडवून ठेवा, धुवा, आणि ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवून द्या. डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवलेला इलेक्ट्रोड दुसऱ्या दिवशी स्थिर व्हायला फार वेळ घेतो.